चिखलदऱ्यातील घरगुती मुक्काम आणि कॉफीचा मळा

दर्यापूरकडच्या काळ्या मातीत कापूस, तूर आणि हरभरा पाहत वाढलेल्या माणसाला आपल्याच अमरावती जिल्ह्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १११८ मीटर उंचीवर, कॉफीचे झुडूप दिसावे याचे फार अप्रूप वाटते. त्याच ओढीने जानेवारीत आम्ही परतवाड्याहून एस.टी.ने घाट चढून चिखलदऱ्याला गेलो आणि एका घरगुती निवासात दोन रात्री राहिलो.

खोली साधी, पण स्वच्छ होती. गरम पाणी सकाळी ठरलेल्या वेळीच मिळते. जेवणात ज्वारीची भाकरी, झुणका आणि इथल्या गवळ्यांकडचा खवा होता. खवा तर मी दोनदा मागून घेतला.

या मुक्कामाचे खरे मोल मात्र मळ्यात आहे. इंग्रज अधिकारी कॅप्टन रॉबिन्सन १८२३ मध्ये या पठारावर आला, असे सांगितले जाते. पुढे इथल्या थंड हवेत कॉफीचे मळे उभे राहिले आणि त्यांनी गावाला वेगळी ओळख दिली. घरमालक काकांनी आम्हाला पंचबोल पॉइंटच्या बाजूला नेऊन मोठ्या झाडांच्या सावलीतली लालबुंद फळे तोडायला दिली. प्रत्येक फळात बहुधा दोनच बिया असतात, त्या गर काढून वाळवल्यावर आणि भाजल्यावरच त्यांना वास येतो, हे त्यांनी हातात फळ फोडून दाखवले. शेडमध्ये साल काढण्याचे, हाताने फिरवायचे जुने लोखंडी यंत्र होते. ते अजून चालते का, असे विचारल्यावर काका म्हणाले, “चालते ना भाऊ, पण त्याले पुरतीन एवढे फळं आता कुठी येते?” ते यंत्र त्यांनी तेल देऊन जपले आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटली.

म्हणूनच बाजारातल्या एका हॉटेलात कॉफी मागितल्यावर डब्यातली झटपट पूड दुधात ढवळून पुढे आली, तेव्हा मनापासून वाईट वाटले. ज्या गावाच्या मळ्यात कॉफी पिकते, तिथे पाहुण्याला तिची चव मुद्दाम शोधावी लागू नये.

काकांकडून अर्धा किलो भाजलेल्या बिया आणल्या. त्यांच्या पाकिटावर भाजल्याची तारीख नव्हती. ती लिहिली, तर दूर नेणाऱ्या ग्राहकाची मोठी सोय होईल. मळा पाहायचा असेल, तर फळे पिकलेली असताना, हिवाळ्यातच जावे आणि काकांना आदल्या दिवशी कळवावे.