एकच फॉर्म भरायचा तर कोणता? संगणकशास्त्रातले पुरस्कार, खानदेशातल्या शिक्षकाच्या नजरेतून

"सर, यंदा एकच फॉर्म भरायला वेळ आहे. कोणता भरू?" धुळ्याकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर विभागात शिकवणाऱ्या मॅडमनी मागच्या आठवड्यात फोनवर विचारलं. नऊ वर्षं शिकवतायत, पीएचडीचा प्रबंध अर्धा लिहून झालाय. फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या. शिकवण्याचे पुरस्कार वेगळे आणि संशोधनाचे वेगळे. दोन्हींचं वजन जगाने सारखं ठेवलेलं नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. एसीएम या संगणकशास्त्रज्ञांच्या जागतिक संस्थेचा ट्युरिंग पुरस्कार १९६६ पासून दिला जातो. त्याची रक्कम आज १० लाख डॉलर आहे आणि १९९४ साली तो भारतात जन्मलेले संगणकशास्त्रज्ञ राज रेड्डी यांना विभागून मिळाला. त्याच संस्थेचा उत्कृष्ट शिक्षकासाठीचा कार्लस्ट्रॉम पुरस्कार १० हजार डॉलरचा आहे. म्हणजे शंभरपट फरक. तरी हे दोन्ही सध्या बाजूलाच ठेवा, तिथे आपण अर्ज करत नसतो, दुसऱ्यांनी नाव सुचवावं लागतं.

देशातल्या संशोधनाच्या पुरस्कारांत इन्फोसिस पुरस्कार मोठा. २००९ पासून दिला जातो, अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्र मिळून एक विभाग आहे, रक्कम १ लाख डॉलर. २०२४ पासून तो चाळिशीच्या आतल्या संशोधकांसाठी ठेवलाय. भटनागर पुरस्कार १९५८ पासूनचा. आता तो 'विज्ञान युवा' या नावाने ४५ वर्षांपर्यंतच्या शास्त्रज्ञांना मिळतो. या दोन्हींसाठी वर्षानुवर्षांचं मूळ संशोधन पाठीशी असावं लागतं. आठवड्याला अठरा तास शिकवून, परीक्षेची आणि ॲडमिशनची कामं सांभाळून ते उभं करणं किती अवघड, हे वेगळं सांगायला नको. मॅडमच्या आवाक्यातला पुरस्कार म्हणजे एसीएम इंडियाचा, म्हणजे त्याच संस्थेच्या भारतातल्या शाखेचा, पीएचडी प्रबंधासाठीचा. पण त्याला प्रबंध पूर्ण झालेला हवा. अर्ध्या प्रबंधावर तिकडे बघण्यात अर्थ नाही.

मग उरतो शिक्षकाचा पुरस्कार. केंद्र सरकारने २०२३ पासून राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार उच्च शिक्षण आणि पॉलिटेक्निकच्या शिक्षकांनाही खुला केला. ५ सप्टेंबरला दिल्लीत मिळतो, सोबत ५० हजार रुपये, रौप्यपदक आणि प्रमाणपत्र. इथे स्वतःचं नाव स्वतः देता येतं, हे मला फार मोलाचं वाटतं. नाहीतर आपल्याकडे 'वरून' कुणी नाव पाठवेल याची वाट बघण्यात निम्मी नोकरी सरते. एसीएम इंडियाचाही संगणक शिक्षणातल्या योगदानासाठी एक पुरस्कार आहे. पण तो बहुतेक अशा कामाला मिळतो जे एका कॉलेजापुरतं राहिलेलं नाही, चार ठिकाणी पसरलंय. मॅडमचं काम अजून त्यांच्या लॅबमध्येच आहे. तिथे ते उत्तम आहे, हे मी स्वतः पाहिलंय.

काय पाहिलं, तेही सांगतो. त्यांच्या मुलांनी रावेर-यावलकडच्या केळीच्या पानांचे फोटो काढून करपा ओळखणारं ॲप केलं होतं. मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, "शेतात रेंज नसते, मग हे चालेल का?" मुलं गप्प. पुढचे दोन महिने त्यांनी मॉडेल लहान केलं, फोनवरच चालेल असं केलं. त्या मुलांची वही माझ्या हातात आली, प्रत्येक पानावर तारीख, चुकलेला प्रयोग आणि खाली मॅडमचा शेरा. पुरस्काराच्या अर्जात लावायला यापेक्षा चांगला पुरावा कुठला?

मुलांसाठी मात्र वाट वेगळी. आविष्कार ही विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांची संशोधन स्पर्धा २००६ पासून राज्यभर चालते. आमच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठात जळगाव, धुळे, नंदुरबार हे तिन्ही जिल्हे येतात. इथे पोस्टर लावून परीक्षकासमोर उभं राहावं लागतं, आणि तिथे मुलगा बोलायला शिकतो. स्मार्ट इंडिया हॅकेथॉन, म्हणजे दिलेल्या प्रश्नावर थोड्या वेळात उपाय बनवून दाखवायची स्पर्धा, २०१७ पासूनची. सहा जणांचा संघ, त्यात किमान एक मुलगी हवीच, आणि विजेत्या संघाला रोख बक्षीस. केळीच्या ॲपसारख्या सावकाश पिकलेल्या कामाला मी आविष्कारच निवडेन. हॅकेथॉनची घाई त्याला मानवणार नाही.

आणि एक कळकळीचं सांगणं. 'आंतरराष्ट्रीय उत्कृष्ट प्राध्यापक' म्हणून निवड झाल्याचे मेल येतात. मलाही आला होता. अर्ज मी केलाच नव्हता आणि खाली नोंदणी शुल्क होतं. आमच्या एका तरुण सहकाऱ्याने तेवढे पैसे भरले. ट्रॉफी कुरिअरने आली, आणि पदोन्नतीच्या मुलाखतीत समितीने ती बाजूला ठेवून त्याला विचारलं, "शिकवताना नवीन काय केलं?" त्याच्याकडे सांगण्यासारखं खूप होतं, पण फाईलमध्ये त्यातलं काहीच नव्हतं. पैसे मागणारा पुरस्कार घेऊ नका.

तर मॅडम, यंदा राष्ट्रीय शिक्षक पुरस्काराचा फॉर्म भरा. केळीचं ॲप मुलांच्या नावाने आविष्कारला जाऊ द्या. प्रबंध संपला की गाईडशी बोलून एसीएम इंडियाचं बघू. आणि आजपासून लॅबमधल्या त्या वह्या रद्दीत जाऊ देऊ नका. फोटो काढून ठेवा, तारखेसकट.