निकालाची नोंद: आयोगाचे संकेतस्थळ की नमुना २०?

बेळगाव जिल्ह्यातल्या १८ विधानसभा जागांचे आकडे उमेदवार-सूचीत भरायचे, तर मतमोजणीच्या दिवशी निवडणूक आयोगाचे संकेतस्थळ सोयीचे. यंत्रावरची मते, टपाली मते आणि बेरीज, तिन्ही वेगळी मिळतात. पण फेऱ्या चालू असताना उतरवलेला आकडा आघाडीचा असतो, निकालाचा नव्हे. निकाल जाहीर होईपर्यंत त्यापुढे ‘तात्पुरता’ लिहाच.

नमुना २० (निवडणूक निर्णय अधिकाऱ्याचे अंतिम निकालपत्रक) उशिरा येतो, पण कायमच्या नोंदीला तोच धरावा. त्यात मतदान केंद्रनिहाय मते असतात. नेहमीची चूक शेवटच्या पानावर होते: केंद्रांची बेरीज उचलली जाते आणि टपाली मतांची ओळ राहून जाते. दोन्ही ठिकाणची एकूण मते जुळली नाहीत, तर आधी ही ओळ पाहा.

टक्केवारी काढताना ‘नोटा’ धरला की वगळला, ते रकान्यातच लिहा. अनामत वाचवायला लागणाऱ्या एक षष्ठांश मतांच्या हिशेबात नोटा धरत नाहीत.

सीमाभागात खरी गुंतागुंत पक्षाच्या रकान्यात. महाराष्ट्र एकीकरण समितीचा उमेदवार अधिकृत नोंदीत अपक्ष असू शकतो. तेव्हा ‘अधिकृत पक्ष’ आणि ‘पाठिंबा’ असे दोन रकाने करा. एकच रकाना ठेवून समितीची मते मोजणे व्यर्थ. नावे कन्नडमधून उतरवताना पाटील-पाटिल अशी दुहेरी नोंद होते, म्हणून ओळख वर्ष, मतदारसंघ क्रमांक आणि उमेदवाराच्या अनुक्रमांकावर ठेवा. लोकसभेला खानापूर उत्तर कन्नडमध्ये आणि निपाणी चिक्कोडीत मोडते, बेळगावात नव्हे.