24 व्होल्टच्या गाडीवर 12 व्होल्टचा विंच: कोणता मार्ग धरावा?

ट्रक, युनिमॉग, जुनी लष्करी वाहनं, काही डिझेल लँड क्रूझर, या सगळ्यांची वीज 24 व्होल्टची. सहज मिळणारे विंच, म्हणजे अडकलेली गाडी दोराने ओढून काढणारी मोटरवरची यंत्रं, मात्र बहुतेक 12 व्होल्टचे. दोघांची गाठ कशी घालायची याचे बरेच मार्ग सुचवले जातात. त्यातले दोन मला खरोखर पटतात, एक अटीवर चालतो, बाकीच्यांत मोटर तरी जाते किंवा बॅटरी तरी.

आधी एक आकडा डोक्यात पक्का करा. 9500 पौंडांचा, म्हणजे सुमारे 4300 किलो ओढणारा 12 व्होल्टचा विंच रिकामा फिरताना 70-80 अँपिअर घेतो आणि पूर्ण ओढीला 400 अँपिअरच्या घरात जातो. कोणताही पर्याय कोणी सुचवला, की विचारायचं: हे 400 अँपिअर येणार कुठून?

त्याहीआधी आपली गाडी पूर्ण 24 व्होल्टची आहे ना, ते तपासा. काही लँड क्रूझरमध्ये फक्त स्टार्टर 24 चा असतो. गाडी सुरू करताना रिले दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे एकीला पुढे दुसरी जोडून, आणतो, एरवी सगळी गाडी 12 वरच चालते. अमेरिकी लष्कराच्या 1980 च्या दशकातल्या शेवरोले सीयूसीव्हीमध्ये तर दोन बॅटऱ्यांना दोन स्वतंत्र अल्टरनेटर (इंजिनवर फिरून बॅटरी भरणारे जनित्र) आहेत. अशा गाडीत 12 व्होल्ट मुळातच हजर आहेत आणि खालचा बराचसा खटाटोप करायची गरज नाही.

सरळ 24 ला जोडणं

"दोन मिनिटांचं तर काम, काही होत नाही" असं सांगणारे भेटतात. पहिला बळी सॉलेनॉइडचा, म्हणजे मोटरची वीज चालू-बंद करणाऱ्या चुंबकी स्विचचा जातो. 12 च्या कॉइलला 24 दिले की तिच्यात चौपट उष्णता तयार होते. कॉइल जळते, नाहीतर संपर्क चिकटून बसतात. संपर्क चिकटले की बटण सोडलं तरी विंच थांबत नाही, आणि दोर ताणलेला असताना याहून धोकादायक दुसरं काही नाही.

मोटरचं गणित थोडं वेगळं आहे. सिरीज वायंडिंगच्या मोटरमध्ये (जिच्या फिरत्या आणि स्थिर गुंडाळ्यांतून एकच करंट जातो) करंट ओढीवर ठरतो, त्यामुळे तेवढ्याच वजनाला ती साधारण तेवढाच करंट घेते, पण वेग जवळपास दुप्पट होतो. शर्यतींत भाग घेणारे काही जण नेमक्या याच वेगासाठी 12 ची मोटर 24 वर पळवतात. त्यांनी कॉन्टॅक्टर, म्हणजे वीज जोडणारे ते स्विच, 24 चे बसवलेले असतात आणि मोटर लवकर संपणार हे धरूनच ते उतरतात. दोर अडकून मोटर जाम झाली तर करंट दुपटीकडे धावतो, आणि रिकामी फिरताना आर्मेचर, म्हणजे मोटरचा फिरता भाग, त्याच्या मर्यादेपलीकडे पळतं. कायमचुंबकाच्या मोटरमध्ये तर जास्त करंटने चुंबकच कमजोर होऊ शकतात. गाडी चिखलातून काढण्यासाठी विंच हवा असेल, तर हा मार्ग सोडून द्या.

24 ते 12 कन्व्हर्टर

गाडीत रेडिओ-चार्जरसाठी बसवतात ते कन्व्हर्टर 30 ते 70 अँपिअरचे. त्यातून थेट विंच चालणार नाही, विषय संपला. कन्व्हर्टरचा खरा उपयोग पुढे येतो.

दोनपैकी एका बॅटरीवरून 12 घेणं

हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोहात पाडणारा मार्ग. दोन बॅटऱ्यांच्या मधल्या जोडावर एक केबल टाकली की 12 व्होल्ट मिळतात, आणि 400 अँपिअर द्यायची ताकदही बॅटरीत असते. विंच पहिल्या दिवशी झकास चालतो, म्हणूनच लोक फसतात.

बिघाड नंतर सुरू होतो. अल्टरनेटरचा रेग्युलेटर फक्त दोन्ही बॅटऱ्यांची बेरीज पाहतो, साधारण 28 व्होल्ट. विंचने खालची, म्हणजे निगेटिव्ह चासीला असलेली बॅटरी उपसली की तिचा व्होल्टेज 12.6 वर रेंगाळतो आणि उरलेले 15.4 वरच्या बॅटरीवर पडतात. रेग्युलेटरला सगळं आलबेल दिसतं. प्रत्यक्षात वरची बॅटरी उकळून पाणी गमावत असते आणि खालची कधीच पूर्ण भरत नाही, तिच्या प्लेटांवर सल्फेट बसत जातं. काही महिन्यांनी जोडीतल्या दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या कारणांनी मरतात.

यावर इलाज आहे, बॅटरी इक्वलायझर. तो वरच्या बॅटरीकडून करंट घेऊन खालचीला देतो आणि दोघींचा व्होल्टेज सारखा ठेवतो. तो विंच चालवत नाही, झालेली तूट नंतर भरून काढतो. हिशेब करून पाहा: 400 अँपिअरने 2 मिनिटं ओढलं तर साधारण 13 अँपिअर-तास गेले. 20 अँपिअरचा इक्वलायझर ते तासाभरात परत आणेल. वर्षातून चार-दोनदा विंच लागत असेल तर ही व्यवस्था चालते. दिवसभर ओढाओढ असेल, तर तूट भरायच्या आत पुढची तूट तयार होते.

एक गोष्ट मात्र कधीही चुकवू नका. विंच त्याच बॅटरीला जोडायचा जिचं निगेटिव्ह चासीला आहे. बऱ्याच विंचमध्ये निगेटिव्हची केबल मोटरच्या बॉडीवरच बसते आणि विंच लोखंडी बंपरवर बोल्टने आवळलेला असतो. वरच्या बॅटरीवरून जोडलंत तर खालची बॅटरी सरळ शॉर्ट होईल. विंचच्या जाड केबलमधून असा शॉर्ट झाला तर केबल लाल होते, बॅटरी फुटूही शकते.

विंचसाठी वेगळी 12 ची बॅटरी

इथे कन्व्हर्टर कामाला येतो, पण बॅटरी चार्जरच्या रूपात: 24 घेऊन 12 ची बॅटरी टप्प्याटप्प्याने भरणारा. मुख्य बॅटऱ्या अजिबात बिघडत नाहीत. विंचने वेगळी बॅटरी तळाला नेली तरी गाडी सुरू होणारच, आणि एकट्याने आडवाटेला जाणाऱ्याला ही खात्री फार मोलाची आहे.

उणं काय? जागा आणि वजन. शिवाय इथे मागून अल्टरनेटरचा हातभार नाही, ओढताना चार्जरचे 20-30 अँपिअर सोडले तर सगळा भार बॅटरीवर. 100 अँपिअर-तासांची बॅटरी 400 अँपिअरला कागदावर 15 मिनिटं पुरते, प्रत्यक्षात बरीच कमी, कारण एवढ्या करंटला लेड-ॲसिड बॅटरी आपली पूर्ण क्षमता देत नाही. जास्त क्रँकिंग करंटवाली, म्हणजे थोडा वेळ मोठा करंट देऊ शकणारी, एजीएम (ॲसिड काचतंतूंच्या थरात शोषून ठेवणारी बंद) बॅटरी घ्या, आणि ती विंचजवळ ठेवा.

मोटरच 24 ची करणं

बऱ्याच नामांकित विंचांना 24 ची मोटर मिळते. गिअर, ब्रेक, ड्रम तेच राहतात. मोटर, सॉलेनॉइडचा संच आणि रिमोटचा 12 वर चालणारा भाग बदलायचा. वायरलेस रिमोटचा रिसीव्हर विसरलात तर पहिल्याच दिवशी तो जाईल.

फायदा केबलमध्ये दिसतो. तेवढ्याच ओढीला करंट निम्मा, सुमारे 200 अँपिअर. समजा बॅटऱ्या मागे आहेत आणि जाऊन-येऊन 12 मीटर केबल लागते, 35 चौरस मिलिमीटरची. 12 व्होल्टवर 400 अँपिअरला तिच्यात साधारण 2.4 व्होल्ट गळतात, म्हणजे पाचवा हिस्सा. 24 वर 200 अँपिअरला 1.2 व्होल्ट, म्हणजे वीसावा. लांब चासीच्या ट्रकवर हा फरक ओढीच्या वेगात स्पष्ट जाणवतो. दोन्ही बॅटऱ्या सारख्या वापरल्या जातात आणि अल्टरनेटर पूर्ण मदत करतो. गाडी कायम ठेवायची असेल, तर माझं मत निःसंशय याच बाजूला.

विंच अजून विकतच घेतला नसेल तर मग 24 चाच घ्या. आणि विंच अधूनमधून 12 च्या दुसऱ्या गाडीवरही लावायचा असेल, किंवा त्याला 24 ची मोटर मिळत नसेल, तर वेगळी बॅटरी बरी. इक्वलायझरचा मार्ग तेव्हाच धरा जेव्हा बॅटरीला जागाच नाही आणि वापर क्वचित आहे.

यातलं काहीही निवडलंत तरी बॅटरीजवळ योग्य क्षमतेचा फ्यूज आणि हाताने तोडता येणारा आयसोलेटर स्विच हवाच. आणि जवळ एक स्नॅच ब्लॉक, म्हणजे बाजूने उघडून दोर घालता येणारी कप्पी, ठेवा. ती झाडासारख्या पक्क्या आधाराला बांधून दोर त्यातून फिरवून परत गाडीला अडकवला की दोरावरचा ताण जवळपास निम्मा होतो, करंटही बराच उतरतो. वेग निम्मा होतो, पण मोटर, केबल आणि बॅटरी तिन्ही थंड राहतात.