चॉकलेटच्या जोड्या लावून खाणे: परभणीतला सात महिन्यांचा अनुभव

मे महिन्यात मागवलेलं चार बारचं पार्सल हातात घेतलं, तर वेष्टनातून कणकेच्या गोळ्यासारखं मऊ लागलं. कंपनीला तीन फोन केले, फोटो पाठवले. उत्तर एकच: उन्हाने झालेलं नुकसान भरून मिळत नाही. शेवटी एक बार बदलून द्यायला तयार झाले, म्हणजे तोही त्याच उन्हातून येणार! मी पैसे परत मागितलेत, ११४० रुपये. अजून आले नाहीत.

छंदाबद्दल मात्र तक्रार नाही. दिवाळीपासून दर रविवारी रात्री जेवणं उरकली, की मी दोन-तीन बारचे नखाएवढे तुकडे एकत्र जिभेवर ठेवून बघते. चावायचं नाही, विरघळू द्यायचं. मध्ये कोमट पाण्याचा घोट आणि चार मुरमुरे. सुरुवात अमूलच्या ५५ आणि ७५ टक्क्यांच्या बारपासून केली, कारण खिशाला झेपतात. टक्के म्हणजे कोकोचा गर आणि कोको बटर (कोकोच्या बियांतली चरबी) दोन्ही मिळून, त्यामुळे दोन कंपन्यांचे ७० टक्के कधीच सारखे लागत नाहीत.

पण आपल्याकडे सगळं अडतं ते ३४ अंशांवर. कोको बटर साधारण तेवढ्यावर वितळतं, म्हणून तर ते जिभेवर विरघळतं. परभणीत एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर जातो, मग ते दुकानाच्या फळीवरच विरघळतं आणि रात्री पुन्हा घट्ट होतं. मार्चमध्ये कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेल्या बारवर पांढुरका थर होता. परत घेऊन गेले, तर दुकानदार म्हणाला, "ताई, तारीख बघा की, अजून सहा महिने हायेत." तारखेचं कोण बोलत होतं? बुरशी समजून मी अख्खा बार कचऱ्यात टाकला. २०२४ मध्ये कोकोचा जागतिक भाव टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला, तेव्हापासून बार महाग झालेत. असं फेकलेलं जिवाला लागतं.

ती बुरशी नव्हतीच. थरावर बोट टेकवून हलकं घासा. उबेने तो पुसला जाऊन खालून तपकिरी चमक आली, तर ते वर आलेलं कोको बटर. खायला धोका नाही, फक्त तोडताना टक् असा आवाज येत नाही. बोटाला खरखर लागली आणि थर गेला नाही, तर ती साखर. फ्रीजमधला गार बार लगेच उघडला की त्यावर दव धरतं, साखर त्यात विरघळते आणि वाळल्यावर वरच राहते. ही चूक मी सहा आठवडे करत होते. आता घट्ट झाकणाचा डबा बाहेर काढून तासभर तसाच ठेवते, मग उघडते.

एक मत मागे घेते. ९९ टक्क्यांचा बार म्हणजे पैसे पाण्यात, असं मी मैत्रिणींना सांगत होते. नुसता खाल्ला तर तोंड कोरडं पडतं हे खरंच. सासूबाई म्हणाल्या, "काय बाई हे, काढा खायलीस का?" पण कुंथलगिरीचा पेढा घरात होता, त्यावर याचा कण ठेवला. आधी खव्याचा गोडवा, मग भाजल्यासारखा कडूपणा, आणि शेवटी दोन्ही मिळून कितीतरी वेळ टाळूला चिकटून राहिलेली चव. सासूबाईंनी दुसरा मागून घेतला. हा बार आता दोन महिने पुरतो, म्हणजे महागही पडत नाही.

५५ चा तुकडा, भाजलेले शेंगदाणे आणि मिठाचे दोन कण, ही घरातली सगळ्यांची आवडती जोडी. पांढऱ्या चॉकलेटात कोकोचा गर नसतो, नुसतं कोको बटर, दूध, साखर. ७५ बरोबर मला ते फार आवडलं. लेबलवर हायड्रोजनेटेड वनस्पती तेल असेल तो बार मात्र जोडीला घेऊ नका. मेणासारखा टाळूला बसतो आणि शेजारच्या चांगल्या तुकड्याचीही चव घालवतो.

उन्हाळ्यात लाईट गेली की फ्रीजचा भरवसा नाही. तेव्हा पिशवीत गुंडाळलेले बार स्टीलच्या डब्यात घालून माठाखालच्या ओल्या वाळूत अर्धे पुरले. मेच्या दुपारी घर तापलेलं असताना डबा उघडला आणि ७५ चा बार टक् करून तुटला! मी तो आवाज ऐकायला मुलीला स्वयंपाकघरात बोलावलं. आता पावसाळी दमट हवेत माठ तेवढा गार होत नाही, म्हणून डबा परत फ्रीजमध्ये गेलाय.

पार्सल मात्र नोव्हेंबरपर्यंत मागवणार नाही.