आलेख चढत होता, फोन वाजत नव्हता

जीर्ण झालेली जुनी पुस्तके दुरुस्त करून त्यांची नव्याने बांधणी करून देणे हा माझा व्यवसाय आहे. हे काम करून घेऊ इच्छिणारे लोक थोडे आणि दूरदूर विखुरलेले असतात, त्यामुळे दारावरच्या पाटीपेक्षा संकेतस्थळाचाच मला अधिक आधार होता. चौदा पानांचे ते संकेतस्थळ माझ्या भाच्याने हौसेने करून दिले होते. दिसायला ते अगदी साधे होते, पण त्यावरून महिन्याला चार-पाच जणांची विचारणा येत असे. ती संख्या वाढावी या इच्छेपायी मी सगळा कारभार एका वेब सल्लागाराच्या हाती सोपवला आणि सव्वा वर्षात संकेतस्थळ, त्याचे नाव आणि आगाऊ भरलेले वर्षाचे शुल्क, तिन्ही गमावून बसले. घडले ते क्रमाने सांगते, कारण यातली जवळजवळ प्रत्येक खूण मला त्या त्या वेळी दिसली होती. तिचा अर्थ तेवढा लागला नव्हता.

सुरुवात या सल्लागाराच्या एका ईमेलने झाली. ‘आपल्या संकेतस्थळात १२७ गंभीर त्रुटी आढळल्या आहेत’ अशा मथळ्याचा तो ईमेल होता आणि सोबत लाल रंगाने भरलेला अकरा पानांचा अहवाल होता. कोणत्याही संकेतस्थळाचा पत्ता टाकला की काही क्षणांत शेकड्याने ‘चुका’ काढून देणारी तयार साधने मिळतात, हे मला नंतर कळले. त्या वेळी मात्र कोणीतरी रात्र जागून माझे संकेतस्थळ वाचले आहे, असेच मला वाटले. यादीत सर्वांत वर ‘मेटा कीवर्ड्स नाहीत’ असे लिहिले होते. पानाच्या कोडमध्ये शोधशब्दांची यादी दडवून ठेवण्याची ही जुनी रीत आहे आणि क्रमवारी लावताना ती आपण विचारातच घेत नाही, असे गूगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीर करून टाकले आहे. मला घाबरवण्यासाठी त्या गृहस्थांनी निवडलेली पहिलीच चूक अशी कधीच निकालात निघालेली होती. एवढी एक ओळ मी कोणाला विचारली असती, तर पुढचे काही घडलेच नसते.

फोनवर ते अतिशय अदबीने बोलले. “मॅडम, तीन महिन्यांत गूगलच्या पहिल्या पानावर, आणि तेही लेखी हमीसह,” असे त्यांचे शब्द होते. आपली संस्था गूगलची अधिकृत भागीदार असल्याचेही त्यांनी सांगितले. गूगलचा भागीदार-बिल्ला असतो, पण तो गूगलवरील जाहिराती सांभाळणाऱ्या संस्थांना मिळतो; जाहिरातींखेरीज जे शोधनिकाल दिसतात, त्यांतील क्रमांकाशी त्याचा काहीही संबंध नसतो. त्या निकालांत पैसे घेऊन गूगल कोणालाही वर चढवत नाही आणि पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, हे गूगलच्याच मार्गदर्शक पानावर लिहिलेले आहे. त्यांनी लेखी हमी मात्र खरोखरच दिली, आणि गंमत म्हणजे ती पाळलीसुद्धा. कशी, ते पुढे येईलच.

करार झाल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी ‘कामाच्या सोयीसाठी’ सर्व प्रवेश मागितले. होस्टिंगचा, म्हणजे संकेतस्थळ जिथे साठवलेले असते त्या सेवेचा पासवर्ड, ते चालवणाऱ्या वर्डप्रेस प्रणालीचा मुख्य पासवर्ड, आणि त्यानंतर डोमेनही, म्हणजे संकेतस्थळाचे नावही, ‘आमच्या पॅनेलवर आणूया, म्हणजे दरवर्षी नूतनीकरणाची कटकट तुमच्यामागे राहणार नाही’ अशी सूचना. डोमेन एका नोंदणीदार कंपनीकडून दुसरीकडे नेण्यासाठी एक सांकेतिक क्रमांक लागतो, त्याला ऑथ कोड म्हणतात. तो माझ्या ईमेलवर आला, मी तो त्यांना पाठवला आणि हस्तांतरणाला मंजुरी देणाऱ्या दुव्यावर स्वतःच्या बोटाने क्लिक केले. नव्या ठिकाणी मालक म्हणून कोणाचे नाव लागणार, हे विचारण्याचे मला सुचले नाही. आपण तांत्रिक गोष्टींत अडाणी होतो म्हणून फसलो, अशी मी पुष्कळ दिवस स्वतःची समजूत घालत असे. पण घराच्या किल्ल्या देताना पावती मागावी, हे कळण्यासाठी तंत्रज्ञान यावे लागत नाही.

मग दर महिन्याला अहवाल येऊ लागले. तिसऱ्या महिन्याच्या अहवालात गूगलच्या निकालपानाचे चित्र होते आणि त्यात माझे संकेतस्थळ खरोखर पहिल्या क्रमांकावर होते. शोधलेला शब्दसमूह होता ‘हाताने शिवलेल्या चामडी बांधणीच्या पुस्तकांची पारंपरिक दुरुस्ती सेवा’, आणि त्याच्या शेवटी माझ्या व्यवसायाचे नाव जोडलेले होते. असा शब्दसमूह जगात कोणीही टंकित करणार नाही, आणि केलाच तर माझे संकेतस्थळ आपोआपच पहिले येईल, कारण ते नाव दुसऱ्या कोणाचे नाहीच. हमीपत्रात कोणत्या शब्दांसाठी पहिला क्रमांक मिळणार, याची यादी ‘संस्था ठरवेल’ असे एक वाक्य होते. मी ते वाचले होते. तज्ज्ञांनाच ते अधिक कळणार, असे मला वाटले होते.

अहवालातला आलेख दर महिन्याला चढत होता. भेटी शेकड्यांवरून हजारांवर गेल्या. एका महिन्यात तर सहा हजारांहून अधिक. फोन मात्र वाजत नव्हता. पूर्वी महिन्याला चार-पाच जण विचारणा करत, आता महिनाभरात एखादा, आणि तोही जुन्या ग्राहकाच्या ओळखीने आलेला. मी हे बोलून दाखवले तेव्हा ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, एसईओला वेळ लागतो. चार महिने ते एक वर्ष, हे गूगल स्वतः सांगते.” एसईओ म्हणजे शोधनिकालांत वर येण्यासाठी केलेले काम, आणि त्याबद्दल गूगल तसे सांगते हे खरेच आहे. या व्यवहारातली मला सर्वांत खुपणारी गोष्ट कोणती, तर त्यांनी मला सांगितलेली ही एकमेव खरी गोष्ट त्यांनी वेळ काढण्यासाठी वापरली. काम केल्याचे सांगणारे तेच, काम मोजणारे तेच आणि मोजमापाचे चित्र काढून पाठवणारेही तेच. मी मात्र दर महिन्याला त्या चित्राकडे पाहून मान डोलावत होते.

बिंग फुटले ते एका जुन्या ग्राहकामुळे. त्यांनी माझ्या संकेतस्थळाचे नाव गूगलवर टाकले, तर निकालांत माझ्याच नावाखाली झटपट कर्जाची आणि ऑनलाइन पत्त्यांच्या जुगाराची पाने दिसली. त्यांनी संकोचत फोन केला. मी भाच्याला बोलावले. त्याने शोधपेटीत ‘साइट’ हा शब्द, विसर्गासारखे चिन्ह आणि पुढे माझे डोमेन लिहिले; असे केले की त्या संकेतस्थळाची गूगलला ठाऊक असलेली पाने समोर येतात. माझी पाने चौदा. निकालांत मात्र पानांमागून पाने उलटत गेली आणि त्यांत पुस्तकबांधणीचा मागमूस नव्हता. “मावशी, हा धंदा कधीपासून सुरू केलास?” असे तो म्हणाला आणि मग माझा चेहरा पाहून गप्प बसला. मुखपृष्ठावरून या पानांकडे जाणारा एकही दुवा नव्हता, त्यामुळे मी रोज संकेतस्थळ उघडूनही ती मला कधी दिसली नव्हती. मी ज्यांना राखणदारीचे पैसे देत होते, ते माझ्याच आवारातली जागा तिसऱ्यांना भाड्याने देत होते. कुंपणाने शेत खाल्ल्याचे इतके चोख उदाहरण मी पाहिलेले नाही.

यापुढचा शोध योगायोगाने लागला. संकेतस्थळ पहिल्यांदा उभारताना भाच्याने आपल्या एका जुन्या ईमेल खात्यातून गूगल सर्च कन्सोलमध्ये, म्हणजे गूगलच्या शोधात आपले संकेतस्थळ कसे दिसते हे मालकाला दाखवणाऱ्या साधनात, त्याची नोंद केली होती आणि मालकी सिद्ध करणारी खूण कोडमध्ये ठेवली होती. ती काढून टाकण्याचे सल्लागार महाशयांच्या ध्यानात राहिले नव्हते. ते विसरलेले खाते उघडले, तर त्यात गूगलचा एक संदेश चार महिने न वाचता पडून होता. संकेतस्थळाकडे येणारे दुवे अनैसर्गिक असल्याचे आढळल्यामुळे त्यावर ‘मॅन्युअल ॲक्शन’, म्हणजे गूगलमधील माणसांनी तपासून केलेली कारवाई, करण्यात आली होती. तो संदेश सल्लागारांच्या खात्यावरही गेलेला असणारच. त्या चारही महिन्यांच्या अहवालांत आलेख चढताच होता.

या दुव्यांचे प्रकरण थोडे उलगडून सांगायला हवे, कारण ‘दरमहा पाचशे बॅकलिंक’ हे आमिष आजही सर्रास दाखवले जाते. गूगलच्या संस्थापकांनी १९९८ मध्ये मांडलेल्या पेजरँक पद्धतीचा गाभा असा होता की एका पानाने दुसऱ्या पानाचा दुवा देणे म्हणजे त्याच्या बाजूने दिलेले एक मत. आणि मत देणाऱ्याची पत जेवढी मोठी, तेवढे त्याच्या मताचे वजन अधिक. मतांना किंमत आली की मतांचा बाजार भरतोच, त्याप्रमाणे दुव्यांचाही भरला. एप्रिल २०१२ मध्ये गूगलने ‘पेंग्विन’ नावाचा बदल लागू केला, तो याच बाजाराला आळा घालण्यासाठी. माझ्यासाठी विकत घेतलेले दुवे कोठून आले होते, ते भाच्याने उघडून दाखवले. ओसाड पडलेल्या संकेतस्थळांच्या तळाशी, अनोळखी लेखांखालच्या प्रतिक्रियांत, एकाच साच्यातल्या अर्थहीन मजकुराच्या पानांवर माझ्या व्यवसायाचे नाव टांगलेले होते. पुस्तकांविषयीचे एकही पान त्यांत नव्हते.

आणि ते सहा हजार अभ्यागत? सर्च कन्सोलमध्ये मागील १६ महिन्यांची आकडेवारी पाहता येते. ज्या महिन्यात अहवालाने सहा हजारांवर भेटी दाखवल्या होत्या, त्या महिन्यात गूगलच्या निकालांतून माझ्या संकेतस्थळावर आलेले क्लिक होते ४१. पुष्कळ तगादा लावल्यावर ॲनालिटिक्स, म्हणजे संकेतस्थळावरच्या सर्व भेटी मोजणारे गूगलचे साधन, पाहण्यापुरता प्रवेश मिळाला, तेव्हा उरलेल्या गर्दीचाही उलगडा झाला. बहुतेक सर्व भेटी ‘थेट’ या सदरात, सरासरी थांबण्याचा वेळ एक सेकंदाच्या आत, सर्वांच्या पडद्याचा आकार एकच, आणि मुखपृष्ठापलीकडे कोणीही गेलेले नाही. ती माणसे नव्हतीच, भेटी वाढवून दाखविण्यासाठी सोडलेले बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, होते. हे दोन आकडे कधीच तंतोतंत जुळत नाहीत, कारण एक गूगलच्या शोधापुरता असतो आणि दुसरा सर्व वाटांनी येणाऱ्यांचा. पण एकेचाळीस आणि सहा हजार यांतले अंतर पाहण्यासाठी तज्ज्ञ लागत नाही. ते पाहण्याची खिडकी आपल्या हातात असावी लागते, इतकेच.

मी करार संपवत असल्याचे कळवले आणि डोमेन परत मागितले. अदब तिथेच संपली. वर्षाच्या शुल्काहून मोठी रक्कम ‘हस्तांतरण शुल्क’ म्हणून मागण्यात आली. डॉट कॉमसारख्या डोमेनांचे नियम आयकॅन ही संस्था ठरवते आणि त्या नियमांप्रमाणे मालकाने मागणी केल्यावर नोंदणीदार कंपनीला पाच दिवसांच्या आत ऑथ कोड द्यावा लागतो, हे वाचून मी मोठ्या आशेने त्या कंपनीला लिहिले. उत्तर दोन ओळींचे होते: आमच्या नोंदीनुसार या डोमेनच्या मालक आपण नाही. नियम माझ्या बाजूने नव्हते असे नाही. ते मालकाच्या बाजूने होते, आणि कागदोपत्री मालक ते गृहस्थ झाले होते. डोमेनच्या वादांसाठी १९९९ पासून आयकॅनची एक स्वतंत्र निवाडा पद्धत आहे, पण तिच्यात व्यापारचिन्हावरचा आपला हक्क आणि समोरच्याचा वाईट हेतू दोन्ही सिद्ध करावे लागतात. माझे नाव दोन साध्या शब्दांचे, कोठेही व्यापारचिन्ह म्हणून न नोंदवलेले. एकदा वाटले, मागतात ते देऊन टाकावे. तेव्हा भाच्याने आठवण करून दिली की गूगलची कारवाई त्या डोमेनवरच आहे, म्हणजे पैसे मोजून आपण डागच परत विकत घेणार. मी नाव सोडून दिले.

होस्टिंगही त्यांच्याच ताब्यात असल्यामुळे मजकुराची प्रत माझ्याजवळ नव्हती. संकेतस्थळांच्या जुन्या प्रती जपून ठेवणाऱ्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जुन्या चौदांपैकी अकरा पाने सापडली. छायाचित्रे अर्धीमुर्धी होती. तेवढ्यावर नवे नाव घेऊन पुन्हा आरंभ केला. डोमेन या वेळी माझ्या नावाने, माझ्या ईमेलवर, मीच नोंदवले आणि त्यावर दोन टप्प्यांची सुरक्षा लावली.

आता ज्या बाई काम पाहतात, त्यांना मी पहिल्याच भेटीत सवयीने पासवर्ड लिहून द्यायला निघाले, तेव्हा त्यांनी तो घेण्यास नकार दिला. सर्च कन्सोल आणि ॲनालिटिक्स दोन्हींत मालकाला स्वतःच्या खात्यातून दुसऱ्याला मर्यादित अधिकार देता येतात आणि हवे तेव्हा काढूनही घेता येतात, हे त्यांनी मला शेजारी बसवून करायला लावले. डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनच्या तांत्रिक नोंदींत, नोंद घालून मालकी सिद्ध करणेही मीच केले. त्याला वीस मिनिटे लागली. पहिला तासभर त्यांनी गूगलविषयी चकार शब्द काढला नाही. ग्राहक फोनवर नेमके काय विचारतात, कोणत्या शब्दांत विचारतात, कशावरून अडतात, हेच त्या टिपून घेत होत्या, आणि त्यांतूनच पुढची पाने लिहिली गेली. त्या अहवाल पाठवत नाहीत. महिन्यातून एकदा माझ्याच खात्यातून आम्ही दोघी आकडे पाहतो.

गेल्या महिन्यात ६३ क्लिक होते आणि सात जणांची विचारणा आली. त्यांतल्या एकांनी पाठीचा कणा निखळलेला जुना शब्दकोश आणला होता. काम ठरल्यावर जाता जाता त्यांनी विचारले की अमुक नावाचे संकेतस्थळ पूर्वी आपलेच होते का. मी हो म्हटले. ते म्हणाले, “आधी तिथेच गेलो होतो. तिथे आता पत्ते खेळवतात.”