मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये वेळ ठेवायची: डेटटाइम की टाइमस्टॅम्प?

दूध संकलन केंद्राचं सॉफ्टवेअर. पहाटे ५:१२ ला घातलेलं दूध रिपोर्टमध्ये कालच्या तारखेला दिसायचं. एरवी कुणाच्या लक्षात आलं नसतं, पण ११ तारखेच्या पहाटेचं दूध १ ते १० च्या बिलात गेलं आणि शेतकरी वही घेऊन दारात उभे राहिले. चूक माझीच. सर्व्हर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) होता, त्यामुळे नाऊ() या आत्ताची वेळ देणाऱ्या फंक्शनने आदल्या रात्रीचे २३:४२ लिहून ठेवले होते. आपण साडेपाच तास पुढे. म्हणजे पहाटे साडेपाचच्या आत आलेला प्रत्येक कॅन कालचा.

वेळेचा कॉलम डेटटाइम प्रकारचा होता. डेटटाइम म्हणजे भिंतीवरच्या घड्याळाचा फोटो: जे आकडे दिलेत तेच परत मिळतात, ते कुठल्या गावच्या घड्याळाचे हे त्याला ठाऊक नसतं. टाइमस्टॅम्प मात्र लिहिताना सेशनच्या (डेटाबेसशी त्या वेळी जोडलेल्या कनेक्शनच्या) टाइमझोनवरून यूटीसी करून ठेवतो आणि वाचताना पुन्हा उलटा हिशेब करतो. तो कॉलम टाइमस्टॅम्प असता तर सेशनचा टाइमझोन '+०५:३०' केला की रिपोर्ट सरळ झाला असता. इथे जुन्या नोंदींत ३३० मिनिटं मिळवावी लागली. त्यातही काही नोंदी मोबाइल ॲपने भारतीय वेळेतच पाठवलेल्या. कुठली कुठली, हे निवडण्यात दोन रात्री गेल्या.

मग सगळीकडे टाइमस्टॅम्पच का नको? कारण त्याची धाव १९७० ते १९ जानेवारी २०३८, आपल्या घड्याळाने सकाळी ८:४४:०७ पर्यंतच. आज घेतलेल्या वीस वर्षांच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता त्यात बसत नाही. आजोबांची जन्मतारीखही नाही, पण तिथे साधा डेट प्रकारच हवा. डेटटाइम सन १००० ते ९९९९ पर्यंत जातो. जागेचं म्हणाल तर ४ बाइट विरुद्ध ५ (आवृत्ती ५.६.४ च्या आधी ८ लागत). एवढ्यावरून निर्णय घेऊ नका.

टाइमस्टॅम्पची दुसरी खोड: दोघांच्या सेशनचा टाइमझोन वेगळा असेल तर एकच नोंद दोघांना वेगवेगळ्या वेळेची दिसते. फोनवर भांडण ठरलेलं.

माझा कौल असा. घडून गेलेली गोष्ट, म्हणजे दूध घातलं, पैसे जमा झाले, लॉगिन केलं, तर टाइमस्टॅम्प. २०३८ ची धास्ती असेल तर डेटटाइम, पण त्यात नेमाने यूटीसी_टाइमस्टॅम्प() या फंक्शनने मिळणारी यूटीसी वेळच. पुढची ठरवलेली वेळ, जसं डॉक्टरची सकाळी दहाची अपॉइंटमेंट, असेल तर डेटटाइम आणि शेजारच्या कॉलमात टाइमझोनचं नाव. भारतात घड्याळ पुढेमागे होत नाही म्हणून '+०५:३०' पुरतं. न्यू जर्सीतल्या ग्राहकाला ते चालणार नाही, तिथे वर्षातून दोनदा घड्याळ सरकतं.

क्वेरी लिहितानाही फरक पडतो. कॉलमला डेट() या फक्त तारीख काढून देणाऱ्या फंक्शनमध्ये गुंडाळून तारीख जुळवली की त्या कॉलमचा साधा इंडेक्स (नोंदी झटपट शोधायची सूची) वाया जातो, प्रकार कुठलाही असो. त्यापेक्षा हद्दी द्या. टाइमस्टॅम्प आणि सेशन भारतीय वेळेत असेल तर ११ ऑगस्टच्या मध्यरात्रीपासून १२ च्या मध्यरात्रीच्या आत, झालं. यूटीसी भरलेल्या डेटटाइमला हद्दीच सरकवाव्या लागतात: १० ऑगस्ट १८:३० पासून ११ ऑगस्ट १८:३० च्या आत. वरची हद्द २३:५९:५९ लिहू नका. सेकंदाचे अंश साठवत असाल तर शेवटच्या सेकंदातल्या नोंदी गळतात.

टाइमझोन बदलून देणाऱ्या कन्व्हर्ट_टीझेड() ला 'एशिया/कोलकाता' दिलं आणि नल (रिकामं उत्तर) आलं, तर टाइमझोनचे टेबल भरलेले नाहीत असं समजा. आणि जुना डेटटाइम अल्टर करून टाइमस्टॅम्प करणार असाल, तर आत यूटीसी असल्यास आधी सेशन '+००:००' वर न्या. जुने आकडे कुठल्या घड्याळाचे हे मायएसक्यूएल त्या क्षणीच्या सेशनवरूनच ठरवतं.