बाबांचं कानाचं मशीन आणि रीगनवरून रोजचं भांडण : चार महिने वापरून लिहिलेला रिव्ह्यू

मशीन घेऊन चार महिने झाले म्हणून आता लिहितेय, घेतल्याच्या दुसऱ्या दिवशी पाच स्टार देणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. कंपनीचं आणि दुकानाचं नाव टाकत नाहीये, प्रत्येकाचा कान वेगळा असतो, उगाच कोणी आमचं बघून घेतलं आणि नंतर मला शिव्या घातल्या असं नको. कानामागे छोटा तुकडा बसतो आणि पातळ वायर कानात जाते तो प्रकार, आरआयसी म्हणतात. बॅटरीवालं आहे, चार्जिंगवालं नाही. ठाण्यात नौपाड्याला घेतलं, एका कानाचे ४२ हजार पडले, आणि हो, एकाच कानाचं घेतलंय, त्यावर पुढे बोलते.

बाबा ७४ वर्षांचे. वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीत पॉवर प्रेसवर ३२ वर्षं काढली, तेव्हा कानात कापूस घालायची पण पद्धत नव्हती. पाचेक वर्षांपासून टीव्हीचा आवाज चाळिशीच्या वर, बेल वाजलेली कळत नाही, पण टेस्टला चला म्हटलं की "मला सगळं ऐकू येतं, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता". शेवटी नेलंच. टेस्टचा आलेख बघितला तर कागदाच्या डाव्या टोकाला, जाड आवाजांच्या बाजूला, बरा आणि उजव्या टोकाला, बारीक आवाजांच्या बाजूला, घसरगुंडी. ऑडिओलॉजिस्ट बाईंनी छान समजावलं की जाड आवाज यांना येतात, स, श, फ, थ असे बारीक आवाज गळतात, म्हणून कोणीतरी बोलतंय हे कळतं पण काय बोलतंय ते नाही, आणि गळलेलं अक्षर माणूस स्वतःच्या मनाने भरतो. हे मनाने भरणं लक्षात ठेवा, आमची सगळी स्टोरी त्याच्यावरच आहे.

तर बाबा रोज सकाळी कचराळी तलावाला फिरायला जातात, तिथे त्यांचे एक मित्र आहेत, मी त्यांना काका म्हणते. काका आयुष्यभर कॉम्प्युटर लाईनमध्ये, मुलगा न्यू जर्सीला, आणि काकांचा देव म्हणजे रोनाल्ड रीगन, ऐंशीच्या दशकातला अमेरिकेचा अध्यक्ष, त्याआधी सिनेमातला नट. ट्रम्प नाही, ओबामा नाही, रीगन! दरवर्षी सहा महिने तिकडे राहून येतात आणि येताना रीगनचं कौतुक घेऊन येतात. बाबा पडले युनियनवाले. १९८१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतल्या विमानतळांच्या कंट्रोलर लोकांनी संप केला, रीगनने ४८ तासांची मुदत दिली आणि परत न आलेल्या ११ हजारांच्या वर माणसांना एका फटक्यात कामावरून काढलं, आणि गंमत म्हणजे त्याच युनियनने वर्षभरापूर्वी निवडणुकीत त्याला पाठिंबा दिला होता. बाबांना हे असं पाठ आहे जसं काय ते तिथे गेटवर उभे होते. कारण पुढच्याच जानेवारीत इकडे दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार, आणि त्याचं काय झालं ते बाबांनी लालबागच्या आपल्या सख्ख्या मामाच्या घरात बघितलंय. त्यांच्या मते जगभरातल्या मालकांना हिंमत रीगनने दिली. मला हे जरा ताणलेलं वाटतं, पण मी बोलत नाही.

दोन वर्षं हे दोघं भांडतायत. इतकं की मध्ये आठवडाभर बाकं वेगळी झाली होती.

आता मशीन. आधी मी एक चूक केली, ऑनलाईन दोन हजारांचं मागवलं, ते सगळंच मोठं करतं, माणसाचं बोलणं आणि रिक्षाचा हॉर्न यात त्याला फरक कळत नाही, वर सतत शिट्टी. तसलं घेऊ नका, आधी टेस्ट करा. मग काकांनीच बाबांना पटवायला मोबाईलवर फोटो दाखवला, १९८३ मध्ये रीगन ७२ वर्षांचा असताना कानात मशीन घालून लोकांसमोर आला आणि त्यानंतर तिकडे मशीनची विक्री वाढली. त्याचा कान सिनेमाच्या शूटिंगला जवळून पिस्तूल झाडल्यामुळे गेला असं तो सांगायचा. बाबा म्हणाले, "माझा प्रेसने गेला, त्याचा शूटिंगमध्ये गेला, आणि मशीन दोघांना सारखं? आता तर मुळीच नको." पंधरा दिवस वाया. मग एकाच कानाला घेऊन बघू असं करून नेलं.

पहिला आठवडा वाईट जातो हे कोणी सांगत नाही. कपबशी ठेवली तरी दचकायचे, पेपरचं पान उलटलं तरी "काय फाडतेस", स्वतःचा आवाज डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. दोनदा सेटिंग बदलून आणलं, त्याचे पैसे घेतले नाहीत, पण प्रत्येक वेळी पाऊण तास बसावं लागलं आणि वेळ दिलेली असून हे होतं, एक स्टार तिथेच कापला.

नवव्या का दहाव्या दिवशी मी सोबत गेले होते तलावावर. काका नेहमीसारखे सुरू झाले, "अरे संप होता रे तो, सरकारी नोकराला तिकडे संपाला बंदी होती". आणि बाबा गप्पच. मग मला हळूच म्हणाले, "हा 'संप' म्हणतो?" म्हणजे इतके दिवस 'स' गळत होता आणि बाबांना ऐकू येत होतं 'गप'! मित्राने चारचौघात गप म्हटल्याचा राग होता तो, बाकं वेगळी झाली ती ह्याच्यावरून. आणि अजून एक, काका गेली दोन वर्षं सांगत होते, "रीगनच्या काळात सरकारची तूट वाढली, देशाचं कर्ज जवळजवळ तिप्पट झालं, हे मला मान्य आहे". बाबा 'तूट'चं 'लूट' ऐकायचे आणि ओरडायचे की लूट म्हणतोस आणि वर बाजू पण त्याचीच घेतोस.

ह्याच्यामुळे भांडण थांबलं का? उलट वाढलं, पण आता मुद्द्यावर आलं. काका म्हणतात महागाई १९८० मध्ये १३ टक्क्यांच्या वर होती ती त्याने ४ वर आणली, बाबा म्हणतात ती व्होल्करने, म्हणजे तिकडच्या रिझर्व्ह बँकेच्या प्रमुखाने आणली, आणि व्होल्करला बसवलं होतं रीगनच्या आधीच्या अध्यक्षाने, कार्टरने. काका म्हणतात सगळ्यात वरचा आयकर ७० वरून २८ टक्के केला, बाबा म्हणतात म्हणूनच ती तूट. काकांनी ब्लूटूथने बर्लिनचं १९८७ चं भाषण, ती भिंत पाडा वालं, थेट बाबांच्या कानात सोडलं (हे फीचर मस्त आहे, आवाज एकदम क्लिअर) आणि बाबा शेवटपर्यंत ऐकून म्हणाले, "बोलतो भारी, पण भिंत पडली ८९ च्या नोव्हेंबरात, तेव्हा हा रिटायर होऊन घरी बसलेला." पण ८७ च्या डिसेंबरातला रशियाच्या गोर्बाचेव्हबरोबरचा अण्वस्त्रांचा करार मात्र बाबांनी मानला, एक अख्खा प्रकारच्या प्रकार क्षेपणास्त्रं मोडीत काढायची म्हणजे लहान काम नाही म्हणाले. काकांना काय करावं कळेना, त्यांनी चहा पाजला.

सुपरकॉम्प्युटरवरून मात्र जुंपली. राजीव गांधी ८५ मध्ये अमेरिकेला जाऊन आले, आपल्याला क्रे कंपनीचा मोठा सुपरकॉम्प्युटर हवा होता, अमेरिकेने अणुबॉम्बच्या भीतीने तो नाकारून हवामानासाठी लहान दिला, मग ८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही सरकारी कॉम्प्युटर संस्था निघाली आणि ९१ मध्ये विजय भटकरांच्या टीमने परम हा आपला सुपरकॉम्प्युटर उभा केला. काकांचं म्हणणं ह्याचं थोडं श्रेय रीगनलाच. बाबा म्हणाले, "शेजारणीने साखर दिली नाही म्हणून आपण गुळाचा चहा केला, तर शेजारणीला हार घालायचा का?" आजूबाजूची चार माणसं हसली, आणि ती हसलेली बाबांना ऐकू आली.

आईचं एकच वाक्य. ती सरकारी हॉस्पिटलात नर्स होती, नव्वदच्या दशकातले एड्सचे वॉर्ड तिने बघितलेत. अमेरिकेत एड्सचे पहिले पेशंट ८१ मध्ये सापडले आणि रीगनने त्यावर पहिलं मोठं भाषण केलं ८७ मध्ये, तोपर्यंत २० हजारांहून जास्त माणसं गेली होती. काका घरी आले होते तेव्हा पोहे देता देता म्हणाली, "८३ पासून मशीन होतं ना त्याच्या कानात?" काका काही बोलले नाहीत.

आता तक्रारी. गोखले रोडवर मशीन जवळजवळ निकामी, रिक्षा, दुकानाबाहेरचं गाणं आणि माझा आवाज सगळं एकत्र होतं, समोरचा आवाज पकडायचं सेटिंग आहे पण लग्नाच्या हॉलमध्ये त्याचाही उपयोग शून्य. बॅटरी ३१२ नंबरची, चॉकलेटी स्टिकरवाली, स्टिकर काढला की हवा लागून ती सुरू होते आणि मशीन बंद असलं तरी उतरत जाते, हे बाबांना सांगूनही त्यांनी सोय म्हणून अख्ख्या कार्डाचे सहाही स्टिकर एकदम काढून ठेवले. सगळ्या गेल्या. चष्म्याची काडी आणि मशीन एकाच जागी भांडतात. डिसेंबरात माकडटोपी ओढून काढताना मशीन उडालं, तलावाच्या कठड्याजवळ सहा म्हातारे मोबाईलचे टॉर्च लावून वाकून शोधतायत असं दृश्य होतं, सापडलं काकांना, आणि द्यायच्या आधी त्यांनी बाबांकडून "रीगन बरा होता" असं वदवून घेतलं.

दुसऱ्या कानाचं घ्या असं बाई म्हणतायत, दोन्हीकडे असलं की आवाज कुठून येतो ते कळतं आणि गोंगाटातही थोडं बरं पडतं. बाबा सध्या नाही म्हणतात. काका डाव्या, म्हणजे बिनमशीनच्या कानाच्या बाजूला बसतात आणि आयकरावर आले की ती बाजू बाबांना सोयीची पडते.

साडेतीन स्टार. ठाण्याचा घाम आणि पाऊस ह्याला कसा झेपतो ते जुलैनंतर लिहीन, सिलिका जेलची डबी आत्ताच आणून ठेवलीय.